पावसाळ्यात हॉइस्ट चालवणाऱ्या सभासदांसाठी सूचना

घोडबंदर रस्त्यावरील टॉवरच्या साइटवर तसेच महापे, रबाळे आणि तुर्भे येथील कारखान्यांत हॉइस्ट (माल किंवा माणसे वर-खाली नेणारा यांत्रिक पिंजरा) चालवणाऱ्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पाळी सुरू करताना पहिली फेरी रिकाम्या पिंजऱ्याची काढावी आणि त्या फेरीत ब्रेक, वरचा व खालचा लिमिट स्विच (पिंजरा टोकाला पोहोचताच आपोआप थांबवणारी कळ) आणि प्रत्येक मजल्याच्या गेटचे इंटरलॉक (गेट उघडे असताना पिंजरा चालू न देणारी यंत्रणा) स्वतः तपासावे. इंटरलॉकला तार बांधून गेट उघडे असतानाच पिंजरा चालवण्याचा प्रकार, मुकादमाने कितीही घाई केली तरी, कोणीही करू नये. माल घेऊन आलेला मजूर उघडे गेट पाहून पिंजरा समोरच आहे असे समजतो आणि पाऊल पुढे टाकतो. भिजलेली वाळू जड भरते, त्यामुळे रोजच्या इतकीच घमेली भरली तरी वजनमर्यादा ओलांडली जाऊ शकते, हे ध्यानात ठेवावे. मटेरियल हॉइस्टमधून, म्हणजे फक्त मालासाठी असलेल्या हॉइस्टमधून, माणसे नेऊ नयेत. दोष आढळल्यास हॉइस्ट बंद करून नोंदवहीत वेळेसह लिहावे. पुढे प्रश्न उपस्थित झाल्यास ही नोंद ऑपरेटरच्याच बाजूने उभी राहते.

बांधकामाच्या साइटवरील ज्या सभासदांचे मागील 12 महिन्यांत 90 दिवस काम भरले आहे, त्यांनी इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी अथवा नूतनीकरण करून घ्यावे.