कार्बनचा चौथा हात कागदात मावत नाही

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात बारावीच्या मुलांसाठी रसायनशास्त्राचा तक्ता आला होता: कार्बनच्या संकरणाचा, म्हणजे त्याची एस आणि पी ऑर्बिटल (इलेक्ट्रॉन सापडण्याच्या जागा) मिसळण्याचा, आणि बंधांमधल्या कोनांचा. एसपी३ (एक एस, तीन पी) म्हणजे १०९.५ अंश, एसपी२ म्हणजे १२०, एसपी म्हणजे १८०. एवढं पाठ करा, मार्क पक्के. रावेर तालुक्यात मी बरीच वर्षं हाच धडा शिकवते आहे, म्हणून राहवलं नाही.

मिथेन (एक कार्बन, त्याला चार हायड्रोजन) फळ्यावर अधिकच्या चिन्हासारखा काढतात. कोन किती, असं विचारलं की मुलं आकृतीकडे बघून नव्वद म्हणतात आणि पेपरात १०९.५ लिहितात. मी ओल्या मातीचा गोळा आणि तुराटीचे चार सारखे तुकडे वर्गात नेते. काड्या एकमेकींपासून जमेल तितक्या लांब टोचा, एवढंच सांगते. पहिल्यांदा सगळे सपाट अधिकच करतात. मग कुणीतरी एक काडी सरळ वर उभी करतं, उरलेल्या तिघींना खाली फाकायला जागा मिळते आणि गोळा तिवईसारखा बाकावर उभा राहतो. कोनमापक एकशे दहाच्या आसपास दाखवतो. बंधांतले इलेक्ट्रॉन एकमेकांना असेच दूर ढकलतात, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

संकरणामुळे कोन तयार होतो, असंही तक्त्यात आहे. क्रम उलटा आहे. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) कोपऱ्यांकडे जातात हे रसायनशास्त्रज्ञ व्हांट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्येच मांडलं. तेव्हा इलेक्ट्रॉनचाही शोध लागायचा होता. पुढे एस ऑर्बिटल गोल आणि तिन्ही पी एकमेकांना काटकोनात, हे कळलं. त्यातून १०९.५ काही निघेना. १९३१ मध्ये लायनस पाउलिंग यांनी ही ऑर्बिटल गणिताने मिसळून चार सारखी करून दाखवली, तेव्हा हिशेब जुळला. मिश्रणात एसचा वाटा पाव असेल तर १०९.५, एक तृतीयांश असेल तर १२०, निम्मा असेल तर १८०. वाटा वाढतो तसा कोन उघडत जातो, एवढं एक सूत्र कळलं तरी तक्ता मुलं स्वतः मांडतील.

आपल्या केळीपट्ट्यात तर उदाहरण दारात आहे. रायपनिंग चेंबरमध्ये सोडतात तो इथिलीन: सपाट रेणू, एसपी२. कार्बाइडला ओल लागली की निघतो तो अ‍ॅसिटिलीन: सरळ रेषेतला, एसपी. फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे, हे मुलांना घरूनच ठाऊक असतं. आणि इथिलीनमध्ये दोन हायड्रोजनांमधला कोन १२० नसून सुमारे ११७ असतो, कारण दुहेरी बंधाला जागा जास्त लागते. तक्त्यातला आकडा तंतोतंत धरला की हे निसटतं.

पुढच्या वेळी मिथेनची आकृती पाचरीच्या आणि तुटक रेषांनी छापावी, म्हणजे एक बंध कागदातून पुढे आलेला आणि एक मागे गेलेला मुलांना दिसेल.

आपली,
एक शिक्षिका, रावेर तालुका