आई-बाबांना, अंटार्क्टिकाला जातेय त्याबद्दल

प्रिय आई, बाबा,

रविवारी फोनवर सांगितलं तेव्हा आई नुसती "बरं" म्हणाली आणि मागून बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला, म्हणून आता सगळं नीट लिहून पाठवतेय. दोघांनी एकत्र बसून वाचा, आणि दादाला फॉरवर्ड करायच्या आधी पूर्ण वाचा.

जायचं पक्कं झालंय. दिल्लीला एम्समधलं मेडिकल पास झालं, औलीला आयटीबीपीवाल्यांकडे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे, बर्फातलं ट्रेनिंग झालं, आणि मी सही करून दिली. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन मार्चनंतरच करू असं डॉक्टर स्वतःच म्हणाले, बाबांची शुगर सहा महिने कंट्रोलमध्ये आहे, दादा महिन्यातून एकदा पुण्याहून यायला तयार आहे, हे सगळं बघूनच मी ह्या सीझनला हो म्हटलं. हिवाळ्याच्या टीममध्ये गेले असते तर वर्षभर अडकले असते, ते मी मागितलंच नाही. फक्त उन्हाळ्याची टीम, तिथला उन्हाळा म्हणजे आपली थंडी. दिवाळी घरी करून निघते, तुळशीचं लग्न चुकणार, पण शिगम्याला बहुतेक घरी असेन. बहुतेक एवढ्यासाठीच म्हणते की तिथे विमान कधी उडणार ते हवामान ठरवतं, चार-आठ दिवस इकडेतिकडे झाले तर घाबरायचं नाही.

आई, तू विचारलंस लॅबमध्ये बर्फ आहेच तर तिथे जायचं कशाला. वास्कोला सड्यावर आमच्या लॅबमध्ये उणे 20 अंशाची खोली आहे, त्यात अंटार्क्टिकाहून आणलेला बर्फ ठेवलेला असतो, लांब गोल दांड्यासारखा. त्याचा तुकडा कापून उजेडासमोर धरला की आत टाचणीच्या डोक्याएवढे हवेचे बुडबुडे दिसतात. जुनी हवा असते ती, बर्फ पडत गेला, दाबत गेला, तशी आत कोंडलेली. तुकडा पाण्यात टाकला की वितळताना बारीक तडतड ऐकू येते, ती हवा सुटत असते. वर्षावर्षाचा बर्फ बेबिंकासारखा थरावर थर बसलेला असतो, त्यात धूळ, समुद्राचं मीठ, कुठल्या ज्वालामुखीची राख, सगळं त्या त्या जागी सापडतं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी काढून आणलेला बर्फ तपासतेय. तो कुठल्या उतारावरचा, त्या दिवशी वारा कुठला होता, वरचा बर्फ भुसभुशीत होता की कडक, हे सगळं मी त्यांच्या वहीतून वाचते, मला ते एकदा स्वतः लिहायचंय. जगातला जवळजवळ 90 टक्के बर्फ तिथे आहे बाबा, तो किती आणि कसा वितळतो ह्यावर समुद्र किती चढणार ते आहे, आणि आपला जन्म गेला समुद्राच्या कडेला.

बाबा, तुम्हाला आठवतं ना, खारीवाड्याच्या जेटीवर मला खांद्यावर बसवून न्यायचात, मासळीच्या पेट्यांवरचा बर्फ मी मुठीत धरून ठेवायचे आणि हात लाल झाला की तुम्ही तो शर्टाच्या आत घालून गरम करायचात. आणि 1981 च्या डिसेंबरात आपल्याच मुरगावहून भारताची पहिली तुकडी निघाली, पोलर सर्कल जहाजातून, तुम्ही तेव्हा पोर्टात नुकतेच लागलेले. ती गोष्ट मी तुमच्याच तोंडून ऐकली. 1983 च्या मोहिमेत गेलेल्या अदिती पंत मूळच्या नागपूरच्या, दोनापावलाला एनआयओत, समुद्रविज्ञान संस्थेत, कामाला होत्या, त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता, भारताच्या मोहिमेतून तिथे गेलेल्या पहिल्या बायका. तेव्हा आजच्यासारख्या सोयी नव्हत्या. आता तिथल्या आपल्या भारताच्या मैत्री स्टेशनवर इंटरनेट आहे, डॉक्टर आहे, हीटर आहे, गरम पाणी आहे. पिण्याचं पाणी तिथल्या प्रियदर्शिनी तलावातून येतं. वरण-भात, चपात्या, सगळं आपलं जेवण मिळतं, फक्त ताजी भाजी-मासळी कमी, पण मी काय उपाशी राहणारी आहे?

केपटाऊनहून मोठ्या मालवाहू विमानाने साधारण सहा तास, ते विमान बर्फाच्याच धावपट्टीवर उतरतं. आई, हे वाचून देवापुढे दिवा लाव पण रडू नकोस, दरवर्षी कितीतरी देशांची माणसं अशीच जातात. मैत्रीच्या आसपास उघडे खडक आहेत, ऐन उन्हाळ्यात तापमान शून्याच्या जवळपास असतं. दक्षिणेला बर्फावर कामाला गेलो की जास्त थंडी, आणि बर्फात भेगा असतात हे खरं आहे, लपवत नाही, पण तिथे कोणीच एकटं जात नाही, दोर बांधूनच चालायचं, वॉकीटॉकी सतत चालू, हवा बिघडली तर कामच बंद. कॅम्पला असताना काही दिवस मेसेज येणार नाही. माझा मेसेज नाही म्हणजे मी कामात आहे, एवढंच समजायचं.

अजून एक, घरी एक पाकीट येईल, त्यात नॉमिनी म्हणून बाबांचं नाव बघाल. ते प्रत्येकाला भरावंच लागतं, त्यावरून दोन दिवस जेवण सोडायचं नाही. आणि पेडण्याच्या स्थळाला मी स्वतः फोन करून सांगते, त्यांना थांबायचं असेल तर थांबतील, तुम्ही कोणाची माफी मागू नका.

आता ऐका. बाबांच्या गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे मी भरून ठेवते, संपत आला की दादाला सांगायचं, स्वतः अंदाजाने घ्यायच्या नाहीत. गोमेकॉ हॉस्पिटलातली तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलीय, ती चुकवायची नाही, गाडी मी सांगून ठेवलीय. पाडेली आला की बाबांनी माडाखाली उभं राहून नारळ मोजायचे नाहीत. आई, विहिरीवरून कळशी आणायची नाही, पंप आहे. माळ्यावरची भांडी काढायला स्टुलावर चढलीस असं शेजारच्या काकींकडून कळलं तर मी तिथून ओरडेन. पोदेराकडून रोज चार पाव घेऊन दोन वाया घालवू नका, दोनच घ्या, आणि रात्रीची पेज बाबांना आवडत नसली तरी द्यायची, त्यांना ती सोसते.

तुम्हाला सोडून लांब जातेय असं मनात आणू नका. तुम्ही धट्टेकट्टे आहात तोवरच मला जाता येतंय, म्हणून आता जातेय.

शनिवारी सकाळच्या कदंबा बसने डिचोलीला येते. थर्मल आणि मोजे ऑफिसातून मिळतात, स्वेटर विणायला घेऊ नकोस आई, तुझे डोळे दुखतात. लाडूही करत बसू नकोस. केलेसच तर रव्याचे कर, नारळाचे टिकत नाहीत.

तुमची,
चिमी