पूजाला, फोन ठेवल्यानंतर

नागपूर,
आषाढ शुद्ध प्रतिपदा

प्रिय पूजा,

अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवून दिलास, त्याचा राग नाही. "असलं नाव असतं का कुठे?" हे मी म्हणायलाच नको होतं. तू इतके दिवस वहीत बाळासाठी नावं लिहून राहिली आहेस, आणि मी एका वाक्यात सगळ्यावर पाणी ओतलं. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसले. नावाचा विषय काढायचा नाही, असंही ठरवलं आहे.

पायांवरची सूज उतरली का? रक्तदाब दर आठवड्याला मोजतेस ना? लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस, मध्ये तास-दीड तास जाऊ दे. सांबारवड्यांचा डबा निखिलच्या मित्राबरोबर पाठवला आहे, पण त्या तळणीच्या आहेत, एकावेळी एकच खा. इकडे पाऊस नुसता भरून येतो आणि जातो. कूलर अजून काढला नाही, वाळ्याच्या ताट्या तशाच लागलेल्या आहेत. बाबा म्हणतात दसऱ्याला पुण्याला जायचंच आहे, आतापासून बॅग कशाला भरतेस. मी भरली आहे.

आता एकच सांगते. 'ऋध्वी' मी आजोबांच्या संस्कृत कोशात शोधलं. ऋद्धी आहे, ऋध्वी मला सापडलं नाही. मोबाईलवर 'समृद्धी' असा अर्थ दिला आहे म्हणतेस, पण तो अर्थ ऋद्धीचा आहे गं. आणि अर्थाचंही सोड, ते ऋ बघ. आपण रु म्हणतो, हिंदी बोलणारे रि म्हणतात. पुण्यात एक वेळ चालून जाईल, इथे सुट्टीत आली की समोरच्या तिवारीकाकू 'रिध्वी' म्हणणार, मी 'रुध्वी' म्हणणार, आणि इंग्रजीत कोण आर आय लिहील, कोण आर यू लिहील. आपलं गाव १९५६पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, इथे एका गल्लीत दोन भाषांतून हाका मारतात. ज्ञानदाची ग्यानदा होते, मृणाळची मृणाल. पोरीने कोणत्या हाकेला ओ द्यायची?

हे बघ, पुन्हा नावावरच आले. पण माझी भीती कुठून येते हे तुला कधी नीट सांगितलं नाही, ते आज लिहिते.

माझं नाव शिप्रा होतं हे तुला माहीत आहे. रामटेकच्या आजोबांनी ते मेघदूतातून घेतलं. यक्षाचा रामगिरी म्हणजे आपलं रामटेक असं मानतात, आणि मेघाच्या वाटेवर उज्जैनला शिप्रा नदी लागते. आषाढाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे आजच्या दिवशी, ते मला गडावर घेऊन जायचे. वरून ढग दाखवायचे आणि म्हणायचे, हा तुझ्या गावाला निघाला. त्यांच्या तोंडी ते नाव इतकं स्वच्छ यायचं, आधी श, मग ओठ मिटून प, मग र. बाकी कुणाच्या तोंडी मी ते धड ऐकलं नाही. शाळेत हजेरीला सिपरा. मैत्रिणींची मी शिंपली. एक बाई छिप्रा म्हणायच्या आणि मी दुरुस्त केलं की म्हणायच्या, तेच म्हटलं ना मी. मॅट्रिकच्या गुणपत्रिकेवर क्षिप्रा छापून आलं. आजोबांना वाईट वाटेल म्हणून मी घरी काही बोलले नाही.

मग १९८८ साली या घरात आले. ताटात तांदूळ पसरलेले होते, बाबांच्या हातात अंगठी. त्यांनी 'सु' काढला तेव्हा अंगठीखालचे तांदूळ बाजूला सरकले आणि ताटाचं पितळ चमकलं. मी खाली मान घालून ते पितळच बघत होते. 'सुनीता' पूर्ण झालं, सगळ्यांनी पेढे घेतले, आणि संध्याकाळी आतून कुणीतरी "सुनीता" म्हणून हाक मारली तर मी शांतपणे भाजी निवडत बसले होते. मला वाटलं दुसरं कुणी आहे. तुझ्या आजीला मी दोष देत नाही. तिचंही माहेरचं नाव वच्छी होतं, तिचा भाऊ आला की तेवढं ऐकू यायचं.

दहावीचा कागद एका नावाचा, लग्नानंतरचा दुसऱ्या, रेशनकार्ड तिसऱ्याच स्पेलिंगचं. पासपोर्टच्या वेळी मी किती प्रतिज्ञापत्रं केली ते तू पाहिलं आहेस. खिडकीतल्या माणसाने विचारलं होतं, नक्की कोणतं तुमचं? मला पटकन सांगता आलं नाही, पूजा.

म्हणून तू झालीस तेव्हा मी हट्टाने तुझं नाव पूजा ठेवलं. कुणाच्याही तोंडी मोडणार नाही, कुणी बदलणार नाही, कुठल्याही कागदावर चुकणार नाही असं. आजोबा बारशाला आले होते. नाव ऐकून "छान आहे" म्हणाले आणि पाळण्याची दोरी ओढत बसले. त्यांनी मनात दुसरं काही आणलं होतं का, हे मी विचारलं नाही. ते राहूनच गेलं.

आणि तू काल म्हणालीस, "आई, माझ्या वर्गात पाच पूजा होत्या." मला आठवतं. आठवीत वक्तृत्वाचं बक्षीस पुकारलं, "पूजा", आणि तू अर्धी उठलीस. मग त्यांनी आडनाव घेतलं आणि तू परत बसलीस. मी मागे पालकांमध्ये होते. तुझ्या दोन्ही वेण्या मला दिसत होत्या, त्या हललेल्या आणि मग थांबलेल्या. घरी येईपर्यंत तू काही बोलली नाहीस आणि मीही विषय काढला नाही. म्हणजे तुला वेगळं नाव हवं आहे यात तुझी चूक नाही. माझी भीती मी तुझ्यावर घातली आणि ती तुला पाच जणींत घेऊन गेली. ते मला कालपर्यंत असं दिसलं नव्हतं. माफ कर.

तरीही वेगळं म्हणजे नवं घडवलेलंच असायला हवं का? आपल्या विदर्भाच्याच लेकी बघ. रुक्मिणी, दमयंती, लोपामुद्रा, अज राजाची राणी इंदुमती. रुक्मिणी जरा जड वाटेल, लोपामुद्राचं लोपा होईल आणि मला त्यातला लोप नको. पण इंदुमती? सगळ्यांना माहीत असलेलं आणि आज कुणी न ठेवणारं. घरात इंदू. तिवारीकाकूही इंदूच म्हणतील. मुलगा झाला तर माधव. मी सुचवते आहे, लादत नाही. बरं, थोडं लादते आहे, ते कळतंय मला.

तुझ्या सासूबाईंना राशीचं अक्षर हवं आहे, त्यावरून निखिलशी भांडू नकोस. नक्षत्राचा चरण बघून ते अक्षर निघतं. बाळ अश्विनीवर आलं तर चू, चे, चो, ला यातलं एक येईल. ते जन्मनाव म्हणून आत्याने कानात सांगावं आणि व्यवहारात तुमचं ठेवावं, कितीतरी घरांत असंच चालतं.

आणि घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण नावाशिवायही होते, १९६९च्या कायद्यात तशी सोय आहे. नाव नंतर १२ महिन्यांपर्यंत फुकट चढवता येतं. १५ वर्षांपर्यंतही येतं, पण शुल्क भरून. तेवढं नका लांबवू. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांसाठी शाळेला, पासपोर्टला, आधारला हाच दाखला धरतात, तेव्हा त्यावरचं अक्षर न् अक्षर तू स्वतः तपास. माझ्यासारखं तीन कागदांवर तीन नावं, असं तिचं व्हायला नको.

बाबांनी आणखी एक सांगितलं, मला ते नीट माहीत नव्हतं. आपल्या राज्यात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे बाळाच्या नावाला लागून तुझं नाव येणार.

काल तुझा फोन झाल्यावर बाबा बातम्या बघत होते. मी स्वयंपाकघरात तेच जुनं पितळी ताट काढलं, वाटीभर तांदूळ पसरले. पहिली जागा कोरी सोडली आणि पुढे अंगठीने 'पूजा' लिहिलं. सरळ आलं नाही, जा जरा खाली उतरला. बराच वेळ तशीच उभी होते. मग तांदूळ धुऊन कुकर लावला.

शनिवारी फोन कर. मी नावाचं विचारणार नाही. जे ठेवशील ते मी शुद्ध म्हणेन, रोज म्हणून म्हणून जीभ वळवून घेईन. ते ऋसुद्धा.

तुझी,
आई

ता. क. : ऋध्वीला घरात काय म्हणणार? ऋधू? आज गॅलरीतून एकदा हळूच हाक मारून पाहिली. इतकं काही वाईट नाही वाटलं. तिवारीकाकूंनी मात्र वर पाहिलं.