स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही म्हणून शस्त्रक्रिया रद्द करू नये

संपादक महोदय,

पॅराथायरॉइड म्हणजे मानेत थायरॉइडला लागून असलेल्या, रक्तातील कॅल्शियमवर नियंत्रण ठेवणाऱ्या चार छोट्या ग्रंथी. त्यांच्या शस्त्रक्रियेआधी केल्या जाणाऱ्या सोनोग्राफी आणि स्कॅनविषयी रुग्णांच्या, आणि काही वेळा डॉक्टरांच्याही मनात एक गैरसमज घट्ट बसला आहे. रक्तातील कॅल्शियम वाढलेले असते, पॅराथायरॉइड हार्मोनही चढे असते, मूतखडे पुन्हा पुन्हा होत असतात, हाडे ठिसूळ झालेली असतात. आणि तरीही ‘स्कॅनमध्ये काही आढळले नाही’ या एका ओळीवर विसंबून रुग्णाला घरी पाठवले जाते.

वास्तविक पॅराथायरॉइड ग्रंथी वाढून जादा हार्मोन सोडू लागते, त्या या आजाराचे निदान स्कॅनवर होतच नाही, ते रक्ताच्या तपासणीवर होते. कॅल्शियम वाढले की निरोगी ग्रंथींनी हार्मोन आवरते घ्यायला हवे. ते चढेच राहिले, किंवा अहवालात ‘नॉर्मल’ मर्यादेत दिसले तरी त्या परिस्थितीत ते जास्तच समजायचे. चोवीस तासांच्या लघवीतील कॅल्शियम मोजून, शस्त्रक्रियेची गरज नसलेला आनुवंशिक प्रकार वेगळा काढावा लागतो. एवढे झाल्यावर शस्त्रक्रिया करायची की नाही हे ठरते, आणि गाठ नेमकी कोठे आहे हे शोधण्याचा प्रश्न त्यानंतर येतो.

सेस्टामिबी स्कॅनमध्ये शिरेतून किरणोत्सारी औषध देऊन थोड्या वेळाने एक आणि साधारण दोन तासांनी दुसरी प्रतिमा घेतात. थायरॉइडमधून औषध लवकर ओसरते, वाढलेल्या पॅराथायरॉइडमध्ये ते रेंगाळते, आणि त्या फरकावरून जागा कळते. मात्र गाठ लहान असेल किंवा एकाहून अधिक ग्रंथी वाढलेल्या असतील, तर हा फरक दिसेलच असे नाही. उलट थायरॉइडमधील साधी गाठही औषध धरून ठेवते आणि दिशाभूल करते. निरोगी पॅराथायरॉइड तर तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि या स्कॅनमध्ये सहसा दिसतच नाही. त्यामुळे ‘दिसली नाही’ म्हणजे ‘आजार नाही’ हा अर्थ कोठून काढला जातो, हे मला आजवर उमगलेले नाही.

मग या तपासण्या कशासाठी? बहुतेक रुग्णांमध्ये चारपैकी एकच ग्रंथी बिघडलेली असते. सोनोग्राफी आणि स्कॅन या दोन्हींनी तीच जागा दाखवली, तर लहान छेद देऊन तेवढीच ग्रंथी काढता येते आणि टेबलावरच हार्मोन पुन्हा मोजून ते निम्म्याहून खाली आल्याची खातरजमा करता येते. दोन्हींत मेळ नसेल तर टप्प्याटप्प्याने प्रतिमा घेणारा फोर-डी सीटी किंवा फ्लुरोकोलीन हे किरणोत्सारी औषध देऊन केलेला पेट स्कॅन उपयोगी पडतो. एवढे करूनही काहीच सापडले नाही, तरी अनुभवी शल्यचिकित्सक मानेतील चारही ग्रंथी प्रत्यक्ष पाहून निर्णय घेऊ शकतो. सोनोग्राफी तर करणाऱ्याच्या हातावर बरीच अवलंबून असते, शिवाय छातीच्या हाडामागे लपलेली ग्रंथी तिला दिसत नाही.

या शेवटच्या शक्यतेमुळेच, एकदा अयशस्वी ठरलेली शस्त्रक्रिया पुन्हा करताना मात्र जागा निश्चित केल्याशिवाय मानेला हात लावू नये. चार्ल्स मार्टेल या अमेरिकी जहाजाच्या कप्तानावर सहा शस्त्रक्रिया निष्फळ ठरल्या आणि १९३२ साली सातव्या वेळी गाठ सापडली ती छातीत. त्या काळी शल्यचिकित्सकांच्या हाती आजची साधने नव्हती.

स्कॅन लिहून देणाऱ्या डॉक्टरांना एक विनंती आहे. मागणीपत्रावर नुसते ‘मानेचा स्कॅन’ न लिहिता कॅल्शियम व हार्मोनचे आकडे आणि आधीच्या शस्त्रक्रियांचा उल्लेख अवश्य करावा, म्हणजे प्रतिमा वाचणाऱ्या तज्ज्ञाला काय शोधायचे आणि कोठवर शोधायचे हे कळेल.

आपला विश्वासू,
एक शल्यचिकित्सक