पाळीचा केर

श्टुटगार्ट, 12 फेब्रुवारी

ति. आप्पा आणि आईस साष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

फोन हातात असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण हे रविवारी व्हिडिओ कॉलवर काढलं असतं तर माझा आणि दादाचा आवाज चढला असता आणि आप्पांनी फोन बंद केला असता. कागदावर मध्येच कुणाला तोडता येत नाही, म्हणून कागद.

आधी इथलं सांगते. आमच्या बिल्डिंगमध्ये एक छोटी पाटी आहे, ती दर आठवड्याला एका दारावरून दुसऱ्या दारावर जाते. 'केरवोखं' म्हणतात, म्हणजे झाडायचा आठवडा. (शब्दातच आपला केर आहे बघा. मी हे इथल्या लोकांना समजावून सांगते आणि एकटीच हसते.) पाटी ज्याच्या दारावर, त्यानं जिना झाडून-पुसून घ्यायचा, तळघराची वाट साफ ठेवायची आणि बर्फ पडला तर घरापुढचा फुटपाथ सकाळी सातच्या आत मोकळा करायचा. ही पद्धत मुख्यतः जर्मनीच्या या भागातली. आपापली घाण आपण शहराबाहेर न्यायची, हा नियम या गावात 1492 साली लिहिला गेला. शहराची सक्ती 1988 मध्ये उठली, भाडेकरारात मात्र पाळी राहिलीच.

पहिल्या वर्षी मी काय करायची? जिना बघायचा, बरा दिसला की पाटी उचलून शेजाऱ्याच्या दारावर. झाडू हातात घेतला नाही तरी कोण बघतंय!

मग गेल्या महिन्यात बर्फ पडला. पाळी माझी आणि त्याच आठवड्यात हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी. अशा वेळी कुणाशी तरी अदलाबदल करून ठेवायची असते, मी ठेवली नव्हती. सकाळी सव्वासहाला परत आले, तर पहिल्या मजल्यावरच्या आजी, वय ऐंशीच्या पुढं, टोपी घालून फावड्यानं बर्फ ओढत होत्या. माझ्या पाळीचा. मी धावत जाऊन फावडं घेतलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘‘पेपर टाकणारी मुलगी साडेसहाला येते.’’ आणि आत गेल्या. त्या स्वतः पेपर घेत नाहीत, हे मला नंतर कळलं.

आप्पा, इथलं सगळं सोन्याचं आहे असं समजू नका. नोव्हेंबरमध्ये तीन दिवस तापानं पडून होते, एकानं दार वाजवलं नाही. आपल्या गल्लीत असते तर दुपारपर्यंत चार घरची पेज आली असती आणि वर तीन डॉक्टरांची नावं. स्टेशनबाहेर सिगारेटची थोटकं इथंही पायाखाली येतात. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करायचा नाही, हा नियम इथं आहे तसा आपल्याकडंही आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत लाउडस्पीकरसाठी हीच वेळ लिहिली आहे. म्हणजे कायदा नाही म्हणून आपलं अडतंय, असं नाही.

आता मूळ मुद्दा. गेल्या रविवारी आप्पा अर्धा तास बळ्ळारी नाल्याबद्दल बोलत होते. गाळ कुणी काढत नाही, जलपर्णी माजली, प्लास्टिक अडकतं, चार दिवस पाऊस लागला की पाणी शिवारात शिरतं. सगळं खरं आहे. धूळवाफ पेरणी करायची, उगवण बघून खूश व्हायचं, आणि जुलैत तेच वाफे तळं झालेले बघायचे. बासमतीला नाव बेळगावचं, आणि बासमतीवाल्यांना दुबार पेरणी. त्यानंतर पाच मिनिटांनी मी दादाला विचारलं, मागची भिंत पाडली तिच्या विटा-माती कुठं गेल्या? दादा म्हणाला, ‘‘ट्रॅक्टरवाल्यानं नेल्या की, नाल्याकडंला टाकल्या. सगळेच टाकतात.’’

आप्पा, तुम्ही तिथंच बसला होता. काहीच बोलला नाही.

मला तेव्हा आजोबा आठवले. वरच्या वाफ्यात पाणी फार झालं की ते बांध फोडायच्या आधी खालच्या शेतात जाऊन यायचे. रोपांनी मूळ धरलंय का बघायचे. लावण नवी असेल तर त्या घरी जाऊन सांगायचे, मगच कुदळ. एकदा मी म्हटलं होतं, ते कुठं तुमच्याशी बोलतात? (त्या घराशी आपली बांधावरूनच कोर्टकचेरी चालली होती.) आजोबा म्हणाले, ‘‘बोलत नाहीत, पण भात तर लावतात.’’

नाला आपल्यापाशी संपत नाही. खाली जुन्या बेळगावची शेतं आहेत, हलग्याची आहेत. त्यातल्या कुणाला आपण ओळखत नाही, म्हणून त्यांच्या घरी सांगायला जायचा प्रश्नच येत नाही, आणि म्हणूनच ट्रॅक्टर तिथं रिकामा होतो. मी पाटी दुसऱ्याच्या दारावर लटकवत होते, तसंच हे. मला दादाला शिकवायचा हक्क नाही, मी स्वतः सव्वासहाला पकडली गेलेली बाई आहे.

पण दादा, मिरगाच्या आत ती माती उचल. चार-पाच खेपा होतील, पैसे मी पाठवते. टाकायची कुठं म्हणशील, तर परड्यात गोठ्यापुढं दर पावसाळ्यात गुडघाभर चिखल होतो आणि म्हशीला ओढून आणावं लागतं. तिथं भरण कर. ट्रॅक्टरवाला कुरकुरेल, ‘‘आता काय काढताय, पाण्याबरोबर जाईल की’’ म्हणेल. जाईल, खरं आहे. पण खाली कुठं जाऊन बसेल, ते त्याला विचार.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर वहिनीला सांग. मी मे महिन्यात येते, तिकीट काढलंय. येताना काय आणू ते पोरांना विचारून ठेवा. जाताना मला कुंदा लागेल, दोन किलो. एक किलो पहिल्या मजल्यावर द्यायचा आहे.

आज पाटी पुन्हा माझ्या दारावर आहे. बाहेर भुरभुर सुरू झालीय, गजर साडेपाचचा लावलाय.

तुमची,
धाकटी