खबर दिली, पुढे काय झाले?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

घरफोड्या रोखायच्या तर नागरिकांनी पोलिसांचे डोळे आणि कान व्हावे, असे आवाहन दर काही महिन्यांनी छापून येते. व्हायला कुणाचीच हरकत नाही. पण ज्या चेहऱ्याला डोळे-कान असतात त्याला तोंडही असते, आणि ते विचारते : आम्ही सांगितले, त्याचे पुढे काय झाले? या प्रश्नाला उत्तर मिळण्याची सोय नसेल, तर लोकसहभागाच्या बैठका, ओळखपत्रे, शिट्ट्या आणि टोप्या हे चार दिवसांचे नाटक ठरते. त्या नाटकात मीही काम केले आहे, म्हणून लिहितो.

आमच्या वस्तीत भर दुपारी एक बंद घर फुटले. त्याच संध्याकाळी बैठक झाली आणि त्याच रात्री गस्तीचे पथक निघाले. पहिल्या आठवड्यात आम्ही चौदा जण होतो, तिसऱ्या आठवड्यात दोघे. त्यातला एक मी, कारण मला तशीही झोप येत नाही. घर फुटले दुपारी आणि गस्त घालायची रात्री, हे कुणाच्या ध्यानातही आले नाही. शिट्टी तीनदा वाजली. दोनदा रात्रपाळीहून परतणाऱ्या माणसांसाठी, एकदा मांजरासाठी. महिन्याच्या आत तेच घर पुन्हा फुटले. या खेपेला रात्री, मागच्या बोळातून, आम्ही दोघे वस्तीच्या दुसऱ्या टोकाला असताना. बोळातला दिवा बंद आहे, हे तिघांनी तीन वेगळ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन सांगितले होते. तिघांनाही एकच उत्तर मिळाले : नोंद घेतली आहे.

गस्त वाढवली की चोऱ्या थांबतात, हा समज फार घट्ट आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या पोलिसांनी १९७२-७३ मध्ये तो तपासून पाहिला. १५ बीट, म्हणजे गस्तीसाठी पाडलेले भाग, निवडून त्यांचे तीन गट केले. एका गटात नेहमीची फिरती गस्त बंद केली, बोलावले तरच गाडी जायची. दुसऱ्यात गस्त होती तेवढीच ठेवली. तिसऱ्यात ती दुप्पट-तिप्पट केली. गुन्ह्यांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही आणि लोकांच्या भीतीतही नाही. गाड्यांना जे जमले नाही ते आमच्या बॅटऱ्यांना कसे जमावे? गस्त वायाच जाते असे मी म्हणत नाही. नेमक्या जागी, नेमक्या वेळी घातलेली गस्त कामी येते. पण ती जागा आणि ती वेळ आधी कळायला हवी, आणि ते कळते वस्तीतल्या माणसांकडून.

इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट या वसाहतीत १९८०च्या दशकाच्या मध्यावर घरफोड्यांनी कहर केला होता. तिथे पथके काढण्याआधी लोकांना विचारत बसले : ज्यांची घरे फुटली त्यांना, त्यांच्या शेजाऱ्यांना, आणि घरफोडीत शिक्षा झालेल्यांनाही. त्यातून कळले की एकदा फुटलेले घर पुन्हा फुटण्याची शक्यता इतर घरांपेक्षा कितीतरी जास्त असते. विचार केला तर यात नवल नाही. चोराला वाट ठाऊक झालेली असते, कुठली खिडकी कच्ची आहे हे माहीत असते, आणि गेलेल्या वस्तूंच्या जागी नव्या येतात हेही तो जाणून असतो. दुसरी गोष्ट अशी कळली की बरीच घरे नाणी टाकून चालणाऱ्या विजेच्या आणि गॅसच्या मीटरमधल्या पैशांसाठी फुटत होती. मग ते मीटरच बदलायला घेतले, फुटलेल्या घरांच्या कड्या-कुलपे पक्की केली, आणि अशा प्रत्येक घराच्या आसपासच्या साधारण सहा घरांना त्या एका घराकडे लक्ष ठेवायला सांगितले. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे ७५ टक्क्यांनी उतरल्या.

सगळ्या वसाहतीने सगळ्या वसाहतीवर पहारा ठेवायचा नव्हता. सहा घरांनी एका घराकडे, काही आठवडे पाहायचे, एवढेच. हे कुठल्याही बोळात उद्यापासून करता येईल. आमच्याकडे त्या घरी पहिल्या चोरीनंतर माणसे गेली ती तुटलेला कोयंडा बघायला. चोर परत येऊ शकतो, हे त्या कुटुंबाला शेजाऱ्यांनी सांगितले नाही आणि पंचनाम्याला आलेल्यांनीही नाही.

त्याऐवजी आमच्या ग्रुपवर काय चालते? अनोळखी माणसाचा पाठमोरा फोटो आणि खाली ‘संशयित’. बहुतेक वेळा तो कुरिअरवाला किंवा कुणाचा तरी पाहुणा असतो. यात हसण्यासारखे काही नाही. फ्लोरिडातल्या सॅनफर्डमध्ये फेब्रुवारी २०१२ मध्ये वस्तीवर पहारा देणाऱ्या एका स्वयंसेवकाला एक मुलगा ‘संशयास्पद’ वाटला. त्याने पोलिसांना फोन केला. मागे जाण्याची गरज नाही, असे फोनवर सांगितले गेले होते. थोड्याच वेळात १७ वर्षांचा तो निःशस्त्र मुलगा त्या स्वयंसेवकाच्या गोळीने मेला. त्यामुळे माझ्या मते रहिवाशांनी पोलिसांना माणसांची वर्णने पाठवण्यापेक्षा जागा आणि वेळा सांगाव्यात. आपल्याला अनोळखी माणसाचे मन कळत नाही. कुठला दिवा बंद आहे, कुठली भिंत पडली आहे, कुठल्या कोपऱ्यावर कितीनंतर सामसूम होते, हे मात्र आपल्याइतके कुणालाच माहीत नसते.

आता मूळ प्रश्न, उत्तराचा. शिकागो पोलिसांनी १९९३ मध्ये आधी पाच विभागांत आणि पुढे शहरभर बीटनिहाय बैठका सुरू केल्या. ठरलेल्या दिवशी त्या बीटचे पोलीस आणि रहिवासी समोरासमोर बसत, आणि मागे ठरलेल्या कामांचे काय झाले हे पुढच्या बैठकीत सांगावे, अशी अपेक्षा असे. ते सगळे गोडच होते असे नाही. बैठकांना घरमालक आणि वयस्कर मंडळी जास्त येत; भाडेकरू, परभाषक, ज्यांना पोलिसांची मुळातच धास्ती ते कमी येत. आपल्याकडेही तसेच होईल, आणि त्यांना आणायला बोलावण्यापलीकडे काहीतरी करावे लागेल. पण बैठक नेहमीची असली पाहिजे. भिवंडीत १९८०च्या दशकाच्या अखेरीस पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी पोलीस आणि रहिवाशांच्या मोहल्ला समित्या बांधल्या त्या शांततेच्या काळात. म्हणून डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आग लागल्यावर विहीर खणायला घेतली असती तर ते झाले नसते.

पोलिसांची अडचण मला कळते. माणसे कमी, बंदोबस्त जास्त. अंमलदाराची गल्लीशी ओळख होते न होते तोच बदलीचा कागद येतो. तपासातल्या सगळ्या गोष्टी चारचौघांत सांगता येत नाहीत, तेही मान्य. पण ‘दिव्याचे पत्र अमुक खात्याला पाठवले, उत्तर आलेले नाही’ एवढे सांगायला कुठली गोपनीयता आड येते? महिन्यातून एक ठरलेली संध्याकाळ, शक्यतो तोच अंमलदार, आणि पहिला विषय मागच्या महिन्याचा. निदान वर्षभर हे करून पाहावे. खबर आम्ही देऊच. फक्त आम्हाला खबरे समजू नये.

ता. क. : मागच्या बोळातला दिवा आता लागला आहे. तो कुणाच्या तक्रारीने लागला, हे अजून कुणी सांगितलेले नाही.

आपला,
एक वाचक