तिची साक्ष कुठे गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘मलबार हिलची मदनिका’ हा बावला खून खटल्यावरचा लेख वाचला. एकदा चहाबरोबर आणि दुसऱ्यांदा चष्मा पुसून. शंभर वर्षं झाली म्हणून आठवण काढलीत, आनंद आहे. पण एका पानात ‘नर्तकी’, ‘लावण्यवती’, ‘मोहिनी’ हे सगळं मिळून अकरा वेळा आलंय (पेन्सिलीने खुणा केल्यात, अंक जपून ठेवलाय), आणि शेवटी ‘तिच्यापायी राज्य गेलं’ असा निकाल देऊन लेखक मोकळे.

तिच्यापायी? १२ जानेवारी १९२५च्या संध्याकाळी मुंबईचे व्यापारी बावला यांच्या मोटारीतून ती, म्हणजे मुमताज, फिरायला निघाली होती. तिला ओढून न्यायला आलेल्यांनी मलबार हिलवर मोटार अडवली आणि बावलांना गोळ्या घातल्या. तिचा गुन्हा एवढाच, की ती इंदूरहून निघून आली होती. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांच्याकडे काही वर्षं काढली, मसुरीला नेत होते तेव्हा दिल्लीला उतरली आणि पुढे यायचं नाही म्हणाली. इंदूरला आपल्याला मुलगी झाली होती, ती परिचारिकांनी मारली, म्हणून तिथे राहायचं नव्हतं, हे तिने मुंबईच्या उच्च न्यायालयात शपथेवर सांगितलं. चेहऱ्यावर वार झालेली बाई भरल्या कोर्टात हे बोलली. तुमच्या लेखात यावर एक ओळ नाही. चौकट मात्र आहे, १९२८ साली बडवाहला झालेल्या महाराजांच्या अमेरिकन लग्नाची. नवरीच्या शालूच्या रंगासकट!

माझा राग ताजा नाही, हे कबूल करतो. गेल्या जानेवारीत नातवाच्या आग्रहाखातर मलबार हिलवरच्या एका ‘इतिहास फेरी’ला गेलो होतो. माणशी सहाशे रुपये, वर पाण्याची बाटली. एका वळणावर मार्गदर्शक तरुण थांबला, माझ्याच हातातली छत्री मागून घेतली आणि गोल्फच्या काठीसारखी फिरवून दाखवली. गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी वाटेत आले, त्यांच्यातला एक पिस्तूलवाल्यांवर गोल्फची काठी घेऊन धावून गेला, हे खरंच आहे. ते नसते तर मुमताजही वाचली नसती. पण या पोराने मंडळींतल्या एका धिप्पाड गृहस्थांना ‘महाराज’ करून मोटारीच्या दारात उभं केलं! महाराज त्या जागी नव्हतेच हो. नव्हते, म्हणून तर पुढे नऊजणांवर खटला चालला, तिघांना फाशीची शिक्षा झाली, आरोपींतल्या फणश्यांच्या बचावाला बॅ. जिनांना उभं राहावं लागलं, आणि महाराजांना कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. सरकारने चौकशी की गादी, असं विचारलं. त्यांनी १९२६च्या फेब्रुवारीत गादी सोडली. चौकशी टळली. राज्य गेलं म्हणता, पण ते चिरंजीवांकडेच गेलं की!

मी त्या मुलाला विचारलं, बाईचं पुढे काय झालं? तो म्हणाला, ‘आजोबा, फार सुंदर होती ती. चला, पुढे हँगिंग गार्डन आहे.’ सगळे हसले. नातूही हसला, ते जास्त लागलं. छत्रीची एक काडी वाकली, ती अजून तशीच आहे.

आमची आजी इंदूरची, लग्न होऊन दादरला आलेली. घरात या विषयाला ‘ते प्रकरण’ म्हणत. आजी एकदाच म्हणाली होती, ‘पोर गेली होती रे तिची,’ आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. आजी शाळेत गेली नव्हती. तुमचे लेखक, खाली दिलेल्या परिचयावरून, बरंच शिकलेले दिसतात.

जाता जाता: शब्दकोड्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर देत जा. मंगळवारी ते छोट्या जाहिरातींमध्ये, भाड्याच्या खोल्यांखाली सापडलं. आणि मागे पाण्याच्या वेळांवर लिहिलेलं माझं पत्र तुम्ही निम्मं कापलंत, उरलं त्यातून मी महापालिकेचं अभिनंदन करतोय असा अर्थ निघत होता. सोसायटीत आठवडाभर तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

या पत्रालाही कात्री लावायची असेलच, तर छत्री कापा, आजी कापा, शब्दकोडंही कापा. तिच्या साक्षीची ती दोन वाक्यं तेवढी ठेवा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, दादर (पश्चिम)